घरात चौघं

चूक पहिल्याच दिवशी झाली, आणि ती चूक आहे हे खोलीतल्या दोघींपैकी एकीलाच कळलं. चंदीगडमधल्या मनीमाजऱ्याच्या बाजारात भांड्यांच्या दुकानावरून जो अरुंद जिना वर जातो, त्या जिन्याच्या शेवटी हिमानीची खोली होती. खोलीत एक टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या, एक पांढरा फळा आणि खाली चाललेली पातेल्यांची आदळआपट. हिमानी हिमाचलातली, रोहडूकडची. जपानात चार वर्षं म्हाताऱ्या माणसांच्या एका निवासात काम करून परत आलेली, आणि आता एका वेळी एकालाच समोर बसवून जपानी शिकवणारी. तिचे नियम दोनच. पहिल्या दहा मिनिटांनंतर हिंदी बंद, हा एक. आणि पुस्तकातली माणसं नकोत, हा दुसरा. ‘अपने घर की बात करेंगे, आंटी जी,’ ती म्हणाली होती, ‘अपनी बात मुँह में जल्दी बैठती है.’ तिने माणसं मोजायला शिकवलं, एक, दोन, तीन, चार, पाच. दोनदा म्हणून घेतलं. आणि मग पेन्सिल रोखून जपानीत विचारलं की तुमच्या घरात माणसं किती. रागिणी खांबेटे, वय त्रेपन्न, हवाई दलातल्या निवृत्त ग्रुप कॅप्टनची बायको, तिने चांगल्या विद्यार्थिनीसारखी पाठ ताठ केली आणि उत्तर दिलं, ‘योनिन देसु.’ चौघं आहोत. हिमानी खूश झाली. उच्चार स्वच्छ होता. तिने वहीत चार चौकोन काढले आणि त्यांत नावं लिहायला वही रागिणीपुढे सरकवली. खाली दुकानात कुणीतरी स्टीलची परात जमिनीवर टाकली, आणि तिचा आवाज थांबेपर्यंत रागिणी त्या चौथ्या चौकोनाकडे बघत राहिली.

आठ वर्षं ती हे उत्तर बरोबर देत आली होती. ‘बच्चे?’ ‘एक बेटा.’ हिंदीत, इंग्रजीत, भाजीवाल्याशी मोडक्यातोडक्या पंजाबीत, किटी पार्टीत, बँकेत, डॉक्टरकडे, एयरोसिटीतल्या नव्या शेजारणींपुढे. आता कुठेही जीभ अडखळत नव्हती. सुरुवातीला अडखळायची तेव्हा ती खोकायची. पुढे खोकायचीही गरज उरली नाही. खोटं बोलायला सराव लागतो, आणि तो तिने तीन भाषांत चिकाटीने केला होता. चौथ्या भाषेत मात्र ती नवखी होती. पहिल्या इयत्तेतल्या मुलीला जे खरं वाटतं ते ती सांगून टाकते, तसं तिच्या तोंडून निसटलं. रागिणीला त्याच क्षणी ‘सॉरी, तीन’ म्हणता आलं असतं. हिमानी हसली असती, एक चौकोन खोडला गेला असता, आणि गोष्ट तिथेच मिटली असती. पण रागिणीने पेन्सिल घेतली आणि तीन चौकोनांत विनायक, रागिणी, अंशुमन ही नावं लिहून चौथ्यात स्वराली लिहिलं. हे नाव तिने आठ वर्षांत लिहिलं नव्हतं. ‘ली’ची वेलांटी तिने सावकाश पुरी केली, आणि हिमानी स्वतःचाच नियम मोडून कौतुकाने म्हणाली, ‘कितना प्यारा नाम है. बिटिया क्या करती है?’

मुळात ती जपानी शिकायला निघाली ती मुलासाठी. अंशुमन पाच वर्षं नागोयात होता, कसल्याशा यंत्रांच्या कंपनीत, आणि तिथल्याच मिहो नावाच्या मुलीशी त्याचं ठरलं होतं. मार्चमध्ये तिकडे जायचं, त्याआधी फेब्रुवारीतल्या एका रविवारी दोन्हीकडच्या आईवडिलांनी पडद्यावर एकमेकांना भेटायचं, असा बेत होता. ‘आई, यार, मी आहे ना मध्ये बोलायला, तू कशाला टेन्शन घेतेस,’ अंशुमन म्हणाला होता. पण रागिणीला मिहोच्या आईशी दोन वाक्यं तिच्या भाषेत बोलायची होती. मुलगी देणारी बाई आहे, तिला समोरच्या घराचा अंदाज यायला नको? विनायकने चहाचा कप खाली ठेवत तिची मनसोक्त थट्टा केली. ‘मिरजेच्या शाळेत तुझं संस्कृत राहिलं होतं, आता जपानी काढ.’ थट्टा करताना तो खिडकीबाहेर बघत होता. त्या देशाचं नाव घरात निघालं की तो नेहमीच दुसरीकडे बघायचा, आणि का, ते दोघांनाही ठाऊक होतं.

ते आठ वर्षांपूर्वी आसामात तेजपूरला होते. स्वराली सोळा वर्षांची. ऑगस्टचा महिना, डासांचा सुकाळ, क्वार्टरच्या मागे तुंबलेलं भातखाचर. मंगळवारी तिला ताप आला, गुरुवारी ती आईला ओळखेना, आणि रविवारी पहाटे संपलं. कागदावर इंग्रजीत जे लिहिलेलं होतं त्याचा पहिलाच शब्द होता ‘जॅपनीज’. जॅपनीज एन्सेफलायटिस. मेंदूचा ताप. त्या तापाचा त्या देशाशी नावापलीकडे काही संबंध नाही, हे रागिणीला डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि ते तिला कळतही होतं. न कळणारं वेगळंच होतं. जूनमध्ये लस द्यायला माणसं कॅम्पात आली होती. त्या दिवशी स्वरालीची चाचणी परीक्षा होती. हात दुखेल, पेपर बिघडेल, पुढच्या खेपेला घेऊ, असं कोण म्हणालं? रागिणी म्हणाली. विनायकने एकदाही तिला त्याबद्दल विचारलं नाही. त्याने विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला पुढे कित्येकदा वाटलं. विचारण्याऐवजी त्याने बदली मागून घेतली. चंदीगडला आल्यावर घर मिळण्यासाठी जो फॉर्म भरायचा, त्यात ‘कुटुंबातील व्यक्ती’ या रकान्यात त्याने बॉलपेनने तीनचा आकडा लिहिला, जोर देऊन, खालच्या कागदावर उमटेल असा. फौजेतल्या बायकांना हे माहीत असतं, की नव्या गावात तुम्ही जे सांगाल ते तुम्ही. दर तीन वर्षांनी शेजार बदलतो, कामवाली बदलते, दूधवाला बदलतो, तुमचं मागचं काही सोबत येत नाही. त्या सोयीचा असा उपयोग करणारी मात्र रागिणीच्या माहितीत ती दोघंच होती. ठरवून काही झालं नाही. फोटो लागला नाही, मग नाव निघालं नाही, मग काढायचं कसं हे कळेना. अंशुमन तेव्हा कॉलेजात होता. सुट्टीत घरी आला, दोन दिवस भिंतींकडे बघत राहिला, आणि त्यानेही आईबापांचा गप्प राहण्याचा नियम उचलला. विनायक वाईट माणूस नव्हता. त्याला दुसरं काही करता आलं नाही, एवढंच. पण ज्या शहरात मुलीने पाऊलही ठेवलं नाही, त्या शहरात तिला विसरणं फार सोपं झालं, याचा राग रागिणीच्या मनात होता आणि तो कुणावर काढायचा ते तिला कळत नव्हतं.

आता आठवड्यातून दोनदा ती रिक्षाने मनीमाजऱ्याला जायची, आणि तिथे स्वराली वाढत होती. हिमानीचा दुसरा नियमच तसा होता. घरातल्या माणसांवाचून वाक्य होत नव्हतं. विनायक सकाळी सहाला उठतो. अंशुमन नागोयात राहतो. स्वराली? स्वराली चोवीस वर्षांची आहे. हे रागिणीने बोटांवर मोजून काढलं आणि स्वतःच चकित झाली. ती प्रयोगशाळेत काम करते. हे सांगितलं, कारण त्या दिवशी तो एकच कामाचा शब्द तिला येत होता. ती बसने जाते. ती वांगं खात नाही. हे खरं होतं, सोळाव्या वर्षी खरं होतं, आणि चोविसाव्या वर्षी बदलायचं काही कारण नव्हतं. रविवारी ती उशिरापर्यंत झोपते. ते वाक्य रागिणीला इतकं आवडलं की ती ते घरी भाजी चिरताना म्हणायची. नवऱ्याबद्दलची वाक्यं तिची चुकायची, मुलाबद्दलची रखडायची. स्वरालीबद्दलची सरळ येत. ‘बिटिया वाले सेंटेन्स में तो आप एकदम जापानी लगती हैं,’ तास संपल्यावर हिमानी म्हणाली. तिला शरम वाटायला हवी होती. वाटली नाही. तिला सुख वाटलं, अगदी उघड सुख, पायऱ्या उतरताना गुडघे दुखायचे थांबावेत इतकं. आठ वर्षांत कुणी तिला विचारलं नव्हतं की तुझी मुलगी आज काय जेवली. इथे एक परकी पोर नियमाने विचारत होती आणि उत्तराची वाट बघत होती.

मग शहर बदलायला लागलं. स्वराली बसने जाते असं सांगितल्यापासून एअरपोर्ट रोडवरच्या बसथांब्याकडे रागिणीची नजर आपोआप वळायची. डिसेंबरच्या धुक्यात तिथे उभी असलेली माणसं म्हणजे नुसत्या शाली आणि टोप्या. त्यात एखादी पाठमोरी मुलगी असायचीच, सॅक एका खांद्यावर, डोकं जरा कललेलं. रागिणी रिक्षावाल्याला हळू घ्यायला सांगायची. मुलगी वळायची, आणि ती कुणाचीतरी वेगळीच मुलगी असायची. रिक्षा पुढे जायची आणि रागिणीला वाटायचं, स्वरालीची बस चुकली असेल, नाहीतर तिने आधीचीच गाठली असेल. चंदीगडचे चौक सगळे एकासारखे एक, झाडं एका मापाची, घरांवर नावांपेक्षा आकडे मोठे. अशा शहरात हरवलेलं माणूस पुढच्या सेक्टरात असू शकतं, असं आपलं वाटत राहतं. घरात तिच्या हातून तांदूळ एक मूठ जास्त पडायला लागले. एका दुपारी तिसऱ्या खोलीतला, पाहुण्यांसाठी ठेवलेला टॉवेल तिला ओलसर लागला. धुक्याच्या दिवसांत सगळेच कपडे ओलसर असतात. तिने तो उन्हात टाकला आणि संध्याकाळी घडी करून पुन्हा त्याच खोलीत ठेवला. ती काही वेडी नव्हती. आपण काय करतो आहोत हे तिला व्यवस्थित माहीत होतं, आणि माहीत असूनही तिने टॉवेल ठेवताना दारावर टकटक केली.

भीती पुढे वाटली, आणि वेगळ्याच ठिकाणी वाटली. जानेवारीत एकदा ती गच्चीवर ऊन खात मेथी निवडत बसली होती. लांब मुल्लानपूरच्या बाजूला नव्या इमारतींच्या क्रेन दिसत होत्या. सहज तिच्या मनात आलं, स्वराली आपल्याला हाक मारायची ती कशी? ‘आई’ म्हणायची, ते ठीक. पण कशी? शेवटच्या ‘ई’वर चढायची, की रेंगाळायची? तेजपूरच्या त्या क्वार्टरच्या जाळीच्या दारातून शाळेतून आल्यावर जी हाक यायची, ती रागिणीने आठवायचा प्रयत्न केला, आणि ती येईना. तिच्या जागी आली ती वहीतली स्वराली, चोवीस वर्षांची, केस कापलेली, बूट घालताना ‘इत्ते किमासु’ म्हणणारी, येते गं मी. तो आवाज अगदी स्पष्ट होता. तो आवाज रागिणीने स्वतः बनवलेला होता, नोव्हेंबरपासून, मंगळवारी आणि शुक्रवारी, एकेक तास बसून. आणि त्या आवाजाने दुसरा, खरा, मराठी बोलणारा आवाज बाजूला सारला होता. मेथीची जुडी तशीच टाकून ती उठली, जिना उतरून खाली आली, घरभर हिंडली. एकदा आपण हलगर्जीपणा केला तेव्हा मुलगी गेली. आता आपणच तिला दुसऱ्यांदा घालवतो आहोत, आणि या वेळी डासाचंही निमित्त नाही. विनायक वर्तमानपत्रातून मान वर करून म्हणाला, ‘काय शोधतेयस?’ ‘काही नाही,’ ती म्हणाली. हा प्रश्न आणि हे उत्तर या घरात भिंतीच्या रंगासारखं झालं होतं, कुणाला दिसत नव्हतं.

लोहरीच्या सणाला हिमानी गावी गेली आणि आठ दिवसांनी परतली ती भेटी घेऊन. ‘जापान की आदत है, आंटी जी. कहीं जाओ तो सबके लिए कुछ लाओ, घर के हर बंदे का अलग.’ तिच्या आईने विणलेले लोकरी मोज्यांचे चार जोड होते. दर जोडाला वेगळा कागद, कागदावर जपानी अक्षरांत ज्याचं त्याचं नाव. जायच्या आधी तिने रागिणीला सगळ्यांच्या पायांची मापं विचारली होती, आणि रागिणीने स्वरालीचं माप तत्काळ सांगितलं होतं, पाच नंबर. चोवीस वर्षांच्या मुलीचा पाय सोळाव्या वर्षापेक्षा वाढतो की नाही, हा विचार आता, मोजे हातात घेतल्यावर तिच्या मनात आला. लहान, राखाडी, टाचेला लाल दोरा. रिक्षात तिने चौथ्या जोडाचा कागद काढला, चार घड्या करून पर्समध्ये घातला. घरी विनायकने पिशवी उघडलीच. ‘वा! हा माझा, हा तुझा, हा अंशूचा. आणि हा?’ रागिणी म्हणाली, ‘मिहोचा.’ आजवर मराठीत ती स्वरालीबद्दल गप्प राहिली होती, खोटं कधी बोलली नव्हती. ते आता बोलून झालं. ‘अरे वा, सूनबाईंचा,’ विनायक मनापासून हसला, आणि नागोयाला न्यायच्या बॅगेत, खारकांच्या डब्याशेजारी, त्याने तो जोड स्वतःच्या हाताने नीट ठेवला. आपल्या मुलीचे कपडे त्याने असेच, नीट घड्या घालून, तेजपूरच्या एका आश्रमात नेऊन दिले होते. त्या दिवशीही तो असाच वाकला होता. रागिणीला त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला आणि तो ठेवता आला नाही.

तिने ठरवलं, की हिमानीला सांगून टाकायचं. पडद्यावरची भेट दहा दिवसांवर आली होती आणि हिमानीने रागिणीसाठी छोटं भाषण बसवलं होतं. माझं नाव रागिणी, आम्ही चंदीगडला राहतो, घरात चौघं आहोत, तुमची ओळख झाली, आनंद झाला. चौघं! ते वाक्य विनायकच्या शेजारी बसून म्हणायचं? त्याला जपानी येत नव्हतं, पण अंशुमनला येत होतं, आणि तो पडद्यावर असणार होता. आईने सगळ्यांसमोर चार म्हटलेलं ऐकून तो काय समजेल? आणि तीन म्हणायचं, तर नोव्हेंबरपासून जिला बोटाला धरून चालवलं तिला स्वतःच्या तोंडाने पुसायचं. मंगळवारी ती उशिरा पोचली. दमून भागून वर आली, बसली, पाणी प्यायली, आणि म्हणाली, ‘हिमानी, एक बात बतानी थी. वो चार जो है ना...’ हिमानीने घड्याळाकडे बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं. दहा मिनिटं उलटली होती. ‘हिंदी बंद,’ ती हसत जपानीत म्हणाली, आणि खुणेने सुचवलं, सांगा की, पण इकडच्या भाषेत. रागिणीने तोंड उघडलं. तिला झोपते येत होतं. उठते, जाते, येते, खाते, आवडतं, आवडत नाही, थंडी वाजते, बस चुकते, सगळं येत होतं. जे सांगायचं होतं त्याला लागणारा एक शब्द तिला येत नव्हता. तिने तो कधी विचारला नव्हता. हिमानी पुढे झुकून, भुवया उंचावून, मुलीला पहिलं पाऊल टाकायला लावणाऱ्या आईसारखी तिला धीर देत होती. ‘तीन,’ एवढंच रागिणी शेवटी म्हणाली, ‘चार नको. तीन म्हणते.’ हिमानीला ते कळलं नाही. मुलीचं लग्न वगैरे ठरून ती जाणार असेल असं तिने बहुतेक धरलं, हसून मान डोलावली आणि भाषणात चारचे तीन केले.

रविवार उजाडला तो स्वच्छ उन्हाचा. सकाळी दहा, म्हणजे तिकडे दुपारचा दीड. विनायकने ब्लेझर आणि टाय चढवला होता. खाली घरातला पायजमाच होता, तो पडद्यावर दिसणार नव्हता. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, रागिणीपुढे वही आणि पेन्सिल. वर विमान उतरण्याचा आवाज झाला, खिडकीची तावदानं थरथरून थांबली आणि पडद्यावर नागोयातली खोली आली. मध्ये अंशुमन आणि मिहो, एका बाजूला तिचे वडील, दुसऱ्या बाजूला आई. बारीक चणीची, पांढरे केस न लपवलेली बाई. सगळ्यांनी सगळ्यांना वाकून नमस्कार केले. विनायकने दोनदा केला. मग अंशुमन म्हणाला, ‘आई, तुझी बारी,’ आणि रागिणीने सुरुवात केली. नाव झालं. चंदीगड झालं. पुढचं वाक्य तोंडात आलं तेव्हा तिने पेन्सिल खाली ठेवली. आणि ते म्हटलं, नीट, मोठ्याने. ‘काझोकु वा सान्निन देसु.’ घरात आम्ही तिघं.

मिहोच्या आईने मान जराशी कलती केली. मग तिच्या चेहऱ्यावर फार मायाळू हसू आलं. या वयात शिकणाऱ्या बाईची मोजण्यात गल्लत झाली, असं तिला वाटलं, हे रागिणीला स्पष्ट दिसलं. तिने हात पडद्याजवळ आणला आणि तिकडच्या पद्धतीने एकेक बोट मिटत, सावकाश, रागिणीला समजेल असं मोजून दाखवलं. बाबा. आई. अंशुमन-सान. चौथं बोट तिने मिटलं आणि म्हणाली, ‘स्वराली-सान.’ चौघं ना? आणि पुढे काहीतरी, त्यातलं एवढं रागिणीला कळलं की स्वराली आज कुठे आहे, ती का नाही आली बोलायला.

रागिणीने अंशुमनकडे बघितलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो आईकडे बघत नव्हता, टेबलाकडे बघत होता, लहानपणी फुलदाणी फुटली तेव्हा बघत होता तसा. त्यानेही. तिकडे, नव्या गावात, पाच वर्षं, कुणी विचारलं की त्यानेही चारच म्हटलं होतं, आणि मग तिचं शिक्षण, तिच्या परीक्षा, तिचा फोन आला होता, तिने तुम्हाला विचारलंय, असं एकेक वाढवत नेलं होतं. आईला हे सगळं एका क्षणात कळलं, कारण यातली एकेक पायरी तिच्या पायाखालची होती. मिहोच्या आईची मूठ, एक करंगळी वर ठेवून, अजून तशीच होती. ती उत्तराची वाट बघत होती. आणि रागिणीचं तोंड उघडलं, आणि आजवर कधी आलं नव्हतं इतकं सहज, अगदी तिथल्याच बाईसारखं वाक्य त्यातून बाहेर आलं. ‘मादा नेते इमासु.’ झोपलीय अजून. मिहोची आई तोंडावर हात ठेवून हसली. मुली सगळीकडच्या सारख्याच.

‘स्वराली म्हणाल्या त्या?’ विनायकचा आवाज आला. आठ वर्षांनी ते नाव या घरात मराठीत उच्चारलं गेलं होतं, आणि ते त्याने उच्चारलं होतं. रागिणीला त्याच्याकडे बघवेना. ‘हो.’ ‘काय विचारलं?’ ‘कुठे आहे म्हणून.’ ‘आणि तू काय सांगितलंस?’ रागिणीने वही मिटली. मग म्हणाली, ‘झोपलीय म्हणाले.’ विनायकने चष्मा काढून टेबलावर ठेवला. पडद्यावर अंशुमन पुढे सरकला. ‘बाबा, मी... सॉरी. मीच सांगितलं होतं त्यांना. मला नाही जमलं. सगळे विचारायचे भाऊ-बहीण किती, तर मी... मला नाही म्हणताच नाही आलं, बाबा.’ मिहो त्याच्याकडे बघत होती. तिलाही ठाऊक नव्हतं. विनायक रागावेल, उठून जाईल, लॅपटॉप बंद करेल, असं रागिणीला वाटलं. तो तिथेच बसला होता, टाय लावलेला, म्हातारा. ‘तीन मीच लिहिलं होतं,’ तो म्हणाला, ‘त्या फॉर्मवर. मला वाटलं, तुला बरं पडेल.’ मग त्याने चष्मा पुन्हा लावला. ‘अंशू, सांग त्यांना. त्यांची मुलगी या घरात येतेय. सांग.’

अंशुमनने सांगितलं. तो वळून मिहोच्या आईशी बोलला, हळू आवाजात, एकदोन वाक्यंच. रागिणीने जीव कानात आणून ऐकलं. धाकटी बहीण कळलं, आठ कळलं, स्वराली कळलं. शेवटचा शब्द कळला नाही. तो लांब होता, मऊ होता. मिहोच्या आईची करंगळी खाली आली. तिने दोन्ही हात जुळवले आणि ती इतकी खाली वाकली की पडद्यावर फक्त तिच्या पांढऱ्या केसांचा भांग दिसत राहिला. तिचा नवरा वाकला, मिहोही वाकली. विनायकने टेबलाखाली रागिणीचा हात शोधला, आणि तो सापडल्यावर घट्ट धरला.

रागिणीने हात सोडवून घेतला, पेन्सिल उचलली आणि वहीचं कोरं पान काढलं. ‘अंशू,’ ती म्हणाली, ‘ते शेवटचं परत म्हण. सावकाश. मला लिहून घ्यायचंय.’

‘आई, नको ना.’

‘म्हण. मला ते येत नाही.’

त्याने डोळे पुसले आणि तो शब्द अक्षर अक्षर सुटं करून म्हटला. ना, कु, ना, रि, मा, शि, ता. वारली. तिने लिहिला. मग तिने मान वर केली, आणि ज्या बाईने चौथं बोट मिटून मुलगी मोजून दाखवली होती तिच्याकडे सरळ बघत, अख्खं वाक्य स्वतः म्हणायला घेतलं. माझी मुलगी स्वराली. पहिल्या खेपेला ती मध्येच अडली. दुसऱ्या खेपेला एक अक्षर गळलं. पडद्यावर मिहोच्या आईचे ओठ तिच्याबरोबर, आवाज न करता, हलत होते. तिसऱ्या खेपेला तिला ते न चुकता आलं.